दुरुस्तीसह मान्य

“लई जा नाना, बठ्ठासनं शे.”

फ्लॉपी देताना तो असं म्हणायचा. घेऊन जा, सगळ्यांचं आहे. पण म्हणून फ्लॉपी लगेच सोडायचा नाही. एक टोक त्याच्या चिमटीत, दुसरं तुमच्या. मग चष्म्यावरून बघत पुढचं वाक्य शुद्ध मराठीत सांगायचा, “यात काही सुधारलंत तर परत आणून द्यायचं. घरी ठेवून घ्यायचं नाही.” तुम्ही हो म्हणालात की चिमटी सुटायची. मान हलवून भागायचं नाही, तोंडानं हो म्हणावं लागायचं.

नव्वदच्या आसपास धुळे-जळगावकडे ज्यांचा छापखाना होता त्यांना ही चिमटी आठवत असेल. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि त्या नावाला लोकांनी पुढं जे चिकटवलं ते मला इथं पुन्हा छापायचं नाही. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. तो मास्तर नव्हता. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेत कॉम्प्युटरची खोली सांभाळायचा. सकाळी कुलूप काढायचं, मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या, मशीन बंद पडलं तर उघडून बघायचं, संध्याकाळी कुलूप लावायचं, एवढी नोकरी. पण त्या खोलीत बसून त्यानं मराठी टाइप करायचा एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्यासाठी अक्षरं काढली होती. ते सगळं तो मागेल त्या छापखान्याला देऊन टाकायचा. नुसता प्रोग्राम नाही, तो ज्या मजकुरातून तयार होतो तो मजकूरसुद्धा त्याच फ्लॉपीवर. ज्याला कळतं त्यानं उघडावं आणि बदलावं. हलवायानं पेढ्यांबरोबर कढईही उचलून द्यावी, तसं ते होतं.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये धुळ्याहून जळगावला एसटीनं यायचं म्हणजे माणूस वाळतो, तिथं फ्लॉपीची काय कथा. तो त्या जेवणाच्या डब्यात कोरड्या फडक्यात ठेवायचा, डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचा आणि डबा मांडीवर घेऊन बसायचा. पारोळ्याच्या एका म्हातारीनं त्याला विचारलं होतं, “काय भाजी शे रे भाऊ, एवढी जपी ऱ्हायना?” तो म्हणाला, “अक्षरं शेतस, माय.” म्हातारीनं बाकीचा रस्ता त्याच्याकडे पाठ करून घालवला. हे तो स्वतःच सांगायचा आणि दर वेळी नव्यानं हसायचा.

मी चौथी शिकलेला माणूस. इंग्रजी म्हणाल तर सहीपुरतं. पण अक्षर मला कोणी शिकवू नये. जळगावात रथ चौकाच्या मागं माझा लहानसा छापखाना होता आणि तीस वर्षं मी स्वतः खिळे जुळवले. शिशाचा खिळा उलटा असतो, त्यामुळे मला सुलट वाचायला अजूनही उलट वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अंधारात हात घातला तरी कोणत्या घरात काना आहे आणि कोणत्या घरात वेलांटी, ते बोट सांगायचं. शेजारच्यानं कॉम्प्युटर आणला तेव्हा मी म्हणालो, येतील सगळे परत. कोणी परत आलं नाही. माझी लग्नपत्रिकेची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं गेली. एक पत्रिका हातात आली, ती पाहून मला रागही आला आणि हसूही आलं. अक्षरं नव्हती ती, अक्षरांची वरात होती, कोणी पुढं, कोणी मागं. ही कोणी काढली म्हणून विचारलं तर कळलं, धुळ्याचा एक जण आहे. मी एसटी पकडली. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

खोलीच्या दारात चपला काढल्या आणि पत्रिका त्याच्या टेबलावर आपटली.

“हा क्ष तुम्ही काढला?”

“हो.”

“लंगडतो.”

त्यानं पत्रिका उचलली, डोळ्यांजवळ नेली. “कुठल्या पायानं?”

आता याच्याशी भांडणार कसं? मी रुमालात चार खिळे बांधून नेले होते, पुरावा म्हणून. ते टेबलावर मांडले. त्यानं एकेक खिळा दिव्याखाली धरून पाहिला, बोट फिरवून पाहिलं, कागदावर शाईनं उमटवून पाहिला. तासभर हेच चाललं. मग म्हणाला, “नाना, दर रविवारी येत जा.”

“मला कॉम्प्युटर येत नाही.”

“मला अक्षर येत नाही. म्हणजे जमलं.”

असे माझे रविवार सुरू झाले. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. त्याची खोली चौथ्या गल्लीत, माडीवर. खाली घरमालकीण अक्का राहायच्या, एकट्याच. माडीवर एक खाट, एक स्टोव्ह, पत्र्याची पेटी आणि संस्थेनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर, जो त्यानं तीन मशीनचे भाग जोडून उभा केला होता. लग्न झालेलं नव्हतं. आई गेल्यावर गाव सुटलं होतं. आठवडाभर खानावळीत जेवायचा आणि रविवारी मात्र स्वतः वांग्याचं भरीत करायचा, दहा-बारा जणांना पुरेल एवढं. सकाळी सतरंजी अंथरायचा. चाळीसगावहून बापू यायचे, मोठ्या छापखान्याचे मालक. धुळ्यातले चार-पाच जण यायचे, अमळनेर-शिरपूरचे अधूनमधून. बापूंच्या माणसानं प्रिंटरचा भाग सुधारून दिला होता, कोणी कळफलक सोपा केला होता. मी अक्षरं बघायचो.

काम कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. छापखान्यात प्रूफ काढलं की गिऱ्हाईक समासात पेन्सिलीनं चुका दाखवतं. खाली लिहितं, “दुरुस्तीसह मान्य”, आणि सही करतं. म्हणजे या चुका सुधारा आणि छापा, मला पुन्हा दाखवायची गरज नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं सुधारलं नाही तर छापखानेवाला आपल्या खर्चानं पुन्हा छापतो. खानदेशात हे कोणी मोडल्याचं मी ऐकलं नाही. भावाभावांचं भांडण असलं तरी प्रूफ म्हणजे प्रूफ. मास्तरला ही रीत फार आवडली. त्यानं अक्षरांचंही प्रूफ काढायला सुरुवात केली. मोठ्या कागदावर अक्षर, भोवती ऐसपैस समास. कागद सतरंजीवर फिरायचा, ज्याला जे खुपेल ते त्यानं पेन्सिलीनं लिहायचं, आणि सगळ्यांचं खुपणं निघेपर्यंत ते अक्षर फ्लॉपीवर चढायचं नाही.

ळ वर आम्ही पाच रविवार घालवले. मी म्हणायचो पोट मोठं आहे, शिरपूरवाले म्हणायचे बरोबर आहे. मास्तर मशीनसमोर बसून त्या ळ शी बोलायचा. “तू बठ्ठासले तरास दी ऱ्हायना. नाना रागावलेत बघ.” पुढं मला कोणी सांगितलं की अशा खुल्या कामाला परदेशात मोठं नाव आहे, त्याची चळवळ आहे, सभा होतात. असेल. आमच्याकडं रविवार होता आणि भरीत होतं.

प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर पहिल्यांदा नावं यायची. ज्यानं ज्यानं हात लावला त्याचं नाव आणि गाव. माझं नाव वरून पाचवं. मी पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन विकून कॉम्प्युटर घेतला तेव्हा घरातल्या प्रत्येकाला खुर्चीवर बसवून ते नाव दाखवलं. चौथी शिकलेल्या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या दारावरच्या पाटीवरही नसतं, माझं धुळ्यापासून भुसावळपर्यंत रोज सकाळी उजेडात येत होतं. याचा मला गर्व होता. अजून आहे.

मग नवी मशीन आली. त्यांच्यावर आमचा प्रोग्राम चालेना. छापखान्यांचे निरोप यायला लागले, मास्तर काहीतरी करा. त्याच्याकडं नवं मशीन नव्हतं आणि संस्थेत आलेल्या नव्या मशीनवर बाहेरचं काम करायची परवानगी नव्हती. रविवारी माणसं यायची, पण प्रूफं कमी आणि तक्रारी जास्त. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचा साहेब आला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली, तो चालत आला. वाईट माणूस नव्हता. सतरंजीवर बसला, भरीत खाल्लं, तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा घेतलं. म्हणाला, “तुमची अक्षरं आमच्या सगळ्या अक्षरांपेक्षा चांगली आहेत. पण आमच्याशिवाय ही चार तालुक्यांबाहेर जाणार नाहीत. भागीदारी करू. नव्या मशीनवर आम्ही चालवून देतो.”

हे खरंच होतं.

“मालक कोण?” साहेबानं विचारलं.

मास्तर म्हणाला, “मालक असा कोणी नाही. सगळ्यांनी केलंय.”

“मग सही कोणाची घेऊ? सतरंजीची?”

सगळे हसले. मास्तरही हसला.

साहेब गेल्यावर बोलणं झालं. बापू म्हणाले, “मोठ्यानं हात पुढं केलाय, धरला पाहिजे.” मी म्हणालो, “मोठा हात धरतो तेव्हा चाल त्याची असते.” बापू म्हणाले, “नाना, तुम्ही कॉम्प्युटरलाही नाहीच म्हणाला होता.” शेवटी असं ठरलं की सही मास्तरनं करायची, पण तीन अटींवर. पडद्यावरची नावं राहतील. जुन्या फ्लॉपीवर कोणाचा हक्क नाही, ज्याला पाहिजे तो वापरेल. आणि कंपनी जे सुधारेल ते परत सगळ्यांना देईल. मास्तरनं पुण्याला फोन केला, साहेब म्हणाला काहीच हरकत नाही.

करारनामा आला तो इंग्रजीत, अकरा पानं. मास्तर तो घेऊन जळगावला माझ्याकडं आला. बापूंकडं गेला नाही, माझ्याकडं आला. डब्यातूनच आणला होता.

“नाना, तिन्ही अटी यात नाहीत.”

“साहेब काय म्हणतो?”

“म्हणतो, आमचा छापील नमुना आहे, तुम्ही सही करून पाठवा, आठ दिवसांत पोचला पाहिजे. वकिलाला दाखवू का?”

मी त्या वेळी जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, “वकिलाला छपाईतलं काय कळतं? अरे, हे प्रूफ आहे. समासात अटी लिही, खाली दुरुस्तीसह मान्य लिही, सही कर. तीस वर्षं मी दुसरं काय केलं?”

तो जरा घुटमळला. “कंपनीत ही रीत असेल का?”

“कागद सगळीकडं कागदच असतो,” मी म्हणालो आणि पेन्सिलीला टोक काढून दिलं. मीच काढून दिलं.

त्यानं माझ्या टेबलावर बसून पहिल्या पानाच्या समासात तिन्ही अटी लिहिल्या, सुंदर बारीक अक्षरात, इंग्रजीतही आणि मराठीतही. प्रत्येक पानाखाली दुरुस्तीसह मान्य लिहिलं, तेही पेन्सिलीनं, कारण प्रूफावर शाई वापरत नाहीत. सही मात्र शाईची. मी कोपऱ्यावरून एक झेरॉक्स काढून आणली, ती कोणी न बघताच डब्यात गेली आणि कागद रजिस्टर टपालानं गेले. त्या दिवशी मी त्याला दोन भाकरी जास्त खाऊ घातल्या. आपण काहीतरी मोठं निस्तरलं असं मला वाटत होतं.

तीन महिन्यांनी नव्या प्रोग्रामचे डबे आले. आता फ्लॉपीबरोबर अंगठ्याएवढं एक कुलूप यायचं. ते मशीनच्या पाठीमागं लावलं तरच अक्षरं उमटायची, एका मशीनला एक कुलूप. सुरू केलं की पडद्यावर कंपनीचं चिन्ह. नावं नव्हती. ज्यातून प्रोग्राम तयार होतो तो मजकूरही नव्हता. पाठोपाठ छापखान्यांना पत्रं आली की जुन्या फ्लॉपी वापरणं आता बेकायदा आहे, कारण सगळे हक्क करारानं कंपनीकडं आले आहेत. करारावर सही कोणाची, तर मास्तरची.

त्या रविवारी माडीवर एवढी माणसं होती की अक्का जिन्याखालून ओरडल्या, “हळू रे भाऊसाहो, लाकडं जुनी शेतस.” भरीत तसंच झाकून होतं. कोणी म्हणालं, कंपनीनं मास्तरला घर बांधून दिलं. कोणी म्हणालं, सल्लागार केलंय, मोटार येणार आहे. मास्तर सारखं एकच सांगत होता, “मी अटी लिहून दिल्या होत्या. कागदावर आहेत.” बापू म्हणाले, “मग दाखव कागद.”

त्यानं पेटी उघडून झेरॉक्स काढली. ती हातोहात फिरली. समास पांढरे होते. पेन्सिल इतकी बारीक आणि फिकी होती की झेरॉक्समध्ये ती आलीच नव्हती. नुसती सही आली होती, ठसठशीत.

आता मी बोलायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं की अटी माझ्यासमोर लिहिल्या, पेन्सिल मी दिली, अक्कलही मी दिली. सगळ्यांच्या समोर मला वेड्यात काढलं असतं. बापू म्हणाले असते, चौथी शिकलेल्याला विचारायला जळगावला गेला होता का? ते वाक्य मला बापू बोलायच्या आधीच ऐकू आलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मास्तर, तू आमची अक्षरं विकलीस.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बघा, तुम्ही कोणाचं तरी घर समजून दार वाजवता आणि दुसराच माणूस दार उघडतो, तेव्हा आपण जसं बघतो, तसं पाहिलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला. कोणी पेन्सिल दिली हे तो बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कोणाजवळ नाही. मला माहीत आहे, कारण बोलला असता तर माझ्यापर्यंत आलं असतं.

मूळ कागदावरची पेन्सिल कोणी पुसली, की पुण्यात ती कोणी वाचलीच नाही, मला अजून ठाऊक नाही. मास्तरनं कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं की आमच्या प्रतीवर अशा खुणा नाहीत. मोटार वगैरे काही आली नाही. कंपनीकडून एक नवा कॉम्प्युटर आला होता, तो त्यानं खोकंही न फोडता ट्रान्सपोर्टनं परत पाठवला. हे अक्कांनी सांगितलं. बापू चाळीसगावात कंपनीचे विक्रेते झाले आणि आम्ही सगळ्यांनी कुलपं त्यांच्याकडूनच घेतली. मीही घेतलं. छापखाना चालवायचा होता.

अक्षरं मात्र खरंच गावोगाव गेली. साहेब खोटं बोलला नव्हता. निवडणुकीच्या पत्रकांवर, शाळेच्या दाखल्यांवर, सोनगीरच्या ढाब्यावरच्या फलकावर, जिथं पाहावं तिथं तो आमचा ळ. मी थांबून बघायचो आणि सोबतच्या माणसाला सांगायचो, हा मी केलाय. मास्तरनं आणि मी, असं म्हणायला पाहिजे होतं.

दोन वर्षं मी धुळ्याला उतरलो नाही. नाशिकला जायचं तर चाळीसगावकडून रेल्वेनं जायचो. मग एकदा अक्का जळगावला भाचीकडं आल्या आणि पत्ता शोधत छापखान्यात आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “नाना, तो अजून दर रविवारी सतरंजी अंथरतो. संध्याकाळी घडी घालतो. मला बघवत नाही. तुम्ही तेवढे या.”

मी गेलो. दारात उभा राहिलो तर तो म्हणाला, “या नाना,” जसं काही मी मागच्याच रविवारी आलो होतो. सतरंजी अंथरलेली होती. भरीत मात्र एका माणसापुरतं, त्यात त्यानं अर्धं केलं. भिंतीशी कागदांची चळत होती. त्यानं पुन्हा पहिल्यापासून अक्षरं काढायला घेतली होती, जुन्यातली एक रेघही न घेता, म्हणजे त्यांच्यावर करार लागणार नाही. प पर्यंत आला होता. दोन वर्षांत प.

“एवढा वेळ?” मी विचारलं.

“चुका दाखवायला कोणी नाही ना,” तो म्हणाला. “आपली आपल्याला दिसत नाही. महिनाभर ठेवून द्यावं लागतं, परका झालो की मग दिसते.”

त्यानं कागद पुढं केले. आम्ही तीन तास बसलो. त्याचा ण चांगला झाला होता, मी केला असता त्याच्यापेक्षा चांगला. तसं मी बोललो. तो इतका खूश झाला की स्टोव्हवर दूध उतू गेलं.

चहा घेताना मी म्हणालो, “मास्तर, मी सगळ्यांना सांगतो. बापूंना, शिरपूरवाल्यांना. पेन्सिल माझी होती.”

“नको.”

“का नको?”

“सही माझी आहे. पेन्सिल कोणाचीही असो.” मग कप खाली ठेवून म्हणाला, “आणि नाना, तुमच्याकडं अजून चार माणसं येतात, बसतात, अक्षराचं विचारतात. ते कशाला घालवता? एकाशी कोणी बोलत नाही तेवढं पुरे शे.”

मी म्हणालो, “बरं.”

पुढं त्याची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाखेत झाली, नंदुरबारकडं. तिथं कावीळ झाली, अंगावर काढली. एक पोस्टकार्ड मला आलं होतं, त्यात फक्त श चे दोन नमुने होते आणि कोणता, एवढंच विचारलं होतं. मी उत्तर लिहायला बसलो, अक्षर मनासारखं येईना म्हणून ठेवलं, मग राहिलं. त्याच्या जाण्याचं कळलं ते बारा दिवस उलटून गेल्यावर.

छापखानेवाल्यांनी धुळ्यात शोकसभा घेतली. फोटो कोणाकडंच नव्हता. बापू बोलले, चांगलं बोलले, माणूस हुशार होता म्हणाले, मोहात पडला, पण माणूस हुशार. तेव्हा मी उठलो. सगळं सांगितलं, पेन्सिलीला टोक काढण्यापासून. आवाज चढला होता माझा. वाटलं होतं, आता गोंधळ होईल, कोणी शिव्या देईल, निदान कोणी खाली मान घालेल. मग बापू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ते जुनं झालं नाना. आता कंपनीचीसुद्धा ती अक्षरं राहिली नाहीत, नवी आलीत. बसा, चहा घ्या.” ते खरोखर मायेनं बोलले. मी बसलो.

एक गोष्ट त्या सभेत मी सांगितली नाही, ती इथं सांगतो. त्या रविवारी, तो नको म्हणाला आणि मी बरं म्हणालो त्या संध्याकाळी, तो मला स्टँडवर सोडायला आला होता. जळगाव गाडीत मला खिडकी मिळाली. तो खाली उभा राहून गज धरून काहीतरी सांगत होता, फ चं काहीतरी, त्याच्या शेपटीचं. मी हो हो म्हणत होतो. तुम्ही म्हणाल, मला तेव्हा लाज वाटत असेल, रडू येत असेल. तसं नव्हतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं, कारण आता कोणाला काही सांगायचं नव्हतं, आणि ते त्यानंच नको म्हटलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा तो सोबत चार पावलं चालला असेल, हात हलवला असेल, किती वेळ उभा राहिला असेल. मला माहीत नाही. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत माझा डोळा लागला होता.